सोलून

माझ्या आईला तिच्या प्रयोगशाळेत पाठीमागे ‘सालटीबाई’ म्हणत. त्याला दोन कारणं होती. कोणी नोंद अर्धवट ठेवली की ती त्याची सालटी काढायची, आवाज अजिबात न चढवता. आणि तपासणीसाठी कोळंबी आली की ती स्वतः सोलायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. हे नाव तिच्या कानावर होतं. एकदा मला म्हणाली, “मी गेल्यावर तिथे फोटो-बिटो लावू देऊ नकोस हं. म्हणावं, जिवंतपणी नावं ठेवलीत तेवढी पुरेत.”

ती गेली त्याला सतरा दिवस झाले होते, तेव्हा तिचे साहेब घरी आले. हातात खोकं होतं. त्यात दोन पांढरे कोट, चष्म्याचं रिकामं घर, कडेला टवका उडालेला कप आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली तिची सुरी. बोटभर पात्याची, लाकडी मुठीची. ते खुर्चीच्या अगदी कडेला बसले. मी चहा ठेवला.

“बाईंची रोज आठवण निघते,” ते म्हणाले. “यंत्रांच्या खोलीला त्यांचं नाव द्यायचं ठरवलंय आम्ही.”

“आई असती तर नको म्हणाली असती.”

“त्या असत्या तर प्रश्नच नव्हता,” ते बोलून गेले, आणि स्वतःच ओशाळले. मग चहाचा कप बाजूला सारून त्यांनी बॅगेतून कागद काढले. मला वाटलं होतं की खोकं द्यायला आलेत. कागद द्यायला आले होते, खोकं वाटेत लागलं होतं.

प्रकरण असं होतं. आमच्या किनाऱ्यावरच्या तळ्यांतली कोळंबी गोठवून जहाजाने परदेशी जाते. जाण्याआधी आईच्या प्रयोगशाळेत तिची तपासणी होते. तळ्यात रोग पडू नये म्हणून पूर्वी लोक एक औषध टाकत. त्याने माणसाला अपाय होतो असं कळल्यावर त्यावर जगभर बंदी आली. ते औषध कोळंबीच्या अंगातून दोन-चार दिवसांत निघून जातं, पण त्याचा एक लहानसा तुकडा मांसात चिकटून राहतो. शोधायचा तो तुकडा. आई त्याला शेपूट म्हणायची. “चोर पळाला तरी दारात शेपूट अडकलेलं असतं,” असं तिने मला लहानपणी समजावलं होतं, आणि कितीतरी दिवस मी चोरांना शेपटी असते असं समजत होते.

चार महिन्यांपूर्वी आईने एका मालाला दाखला दिला होता: आढळले नाही. तो माल पलीकडच्या बंदरात पोचला. तिथल्या प्रयोगशाळेने पुन्हा तपासला, आणि त्यांना शेपूट सापडलं. माल अडकला. मागून निघालेले आणखी चार कंटेनर अडकले. आठ दिवसांत समाधानकारक खुलासा गेला नाही तर साऱ्या किनाऱ्याचा माल संशयित यादीत जाणार होता.

“खुलासा तयार आहे,” साहेब म्हणाले, आणि मसुदा माझ्यापुढे सरकवला.

मी मुद्रितशोधक आहे. वीस वर्षं पुस्तकांची प्रुफं वाचते आहे. कागद हातात आला की मला त्यातलं दुःख नंतर दिसतं, आधी स्वल्पविराम दिसतात. मसुद्यात लिहिलं होतं: ‘सदर तपासणी करणाऱ्या ज्येष्ठ विश्लेषक त्या काळात गंभीर आजारी असल्याने त्यांच्याकडून मानवी चूक झाली आहे. संबंधित व्यक्ती आता हयात नाही.’ दोन वाक्यांत आईचा आजार, चूक आणि मृत्यू उरकले होते. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

“आणि हे तुमच्यासाठी.” दुसरा कागद. शेवटच्या वर्षात औषधांमुळे आईचे हात थरथरत, असं मी, तिची मुलगी, लिहून देते. खाली सहीसाठी रेघ.

“हे खोटं नाही ना, ताई?”

खोटं नव्हतंच. शेवटी शेवटी ती चहाचा कप दोन्ही हातांनी धरायची. टवका उडाला तो त्यातच.

“चूक नक्की तिचीच कशावरून?”

“मग कुणाची? त्यांच्या यंत्राची?” साहेब थकल्यासारखे हसले. “ताई, माल ते घेतात. ज्याच्या हातात तराजू त्याचं वजन खरं. आपण त्यांना चुकलात म्हटलं तर ते वाद घालणार नाहीत, दुसरीकडून कोळंबी घेतील. एक चूक कबूल केली, सुधारली, की पुढचा माल सुटतो. गेलेल्या माणसाचं यात काय बिघडतं? मागे जिवंत माणसांची पोटं आहेत.”

ते दुष्ट नव्हते. जाताना त्यांनी दारात थांबून विचारलं, “बाईंची एक हिरव्या पुठ्ठ्याची वही असायची. ती कार्यालयात सापडत नाहीये.”

“माझ्याकडे आहे.”

“ती जोडावी लागेल.” आणि परदेशी प्रयोगशाळेच्या अहवालाची प्रत त्यांनी माझ्याजवळ ठेवली, म्हणजे मला प्रकरणाचं गांभीर्य कळेल.

दादाला फोन केला. दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, लांबच्या शहरात असतो. “करून टाक सही,” तो म्हणाला. “त्या बंदरात आईला कोण ओळखतंय?”

“मी ओळखते.”

“तू बंदरात राहतेस का?” मग म्हणाला, “वही तरी बघ आधी.”

वही बघायचं मी टाळत होते. तिचं अक्षर बघवत नव्हतं. पण त्या दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती उघडली. कार्यालयात सगळी नोंद संगणकावर असायची. ही वही आईची स्वतःची, तिच्या भाषेत. पहिल्या पानावर तिने लिहिलं होतं: ‘का सोलायचं? कोळंबीच्या कवचात हुबेहूब तसंच शेपूट जन्मतःच असतं. औषधाचा थेंब न पाहिलेल्या कोळंबीच्याही. कवचासकट वाटलं तर निर्दोष तळं चोर ठरेल. म्हणून आधी सोलायचं, मग हात धुवायचे, मोजे बदलायचे, मग वाटायचं. कवचाचा कणही मांसात जाता कामा नये.’ आणि खाली, रेघ मारून: ‘हे फॉर्मवर लिहायला जागा नाही. इथे लिहावं.’

त्यानंतर प्रत्येक नोंदीचा पहिला शब्द तोच. सोलून. तारीख, तळ्याचा क्रमांक, सोलून. पानामागून पान. कधी घाईत ‘सो.’ एवढंच. मी जपमाळ ओढावी तशी ती पानं उलटत गेले, आणि अडकलेल्या मालाच्या तारखेवर येऊन थांबले.

तारीख होती. क्रमांक होता. निकाल होता. सोलून नव्हतं.

मी पुढची पानं पाहिली. तिथे होतं. मागची पाहिली, तिथेही होतं. त्या एका नोंदीत नव्हतं. ती तारीख मला पाठ होती. आदल्याच दिवशी आम्ही डॉक्टरांकडून आलो होतो, आणि घरी परतताना ती पूर्ण रस्ताभर पुढच्या मोसमातल्या नमुन्यांबद्दल बोलत होती, मी बोलू नये म्हणून.

साहेबांचा मसुदा टेबलावरच पडला होता, आणि त्यातलं ‘मानवी चूक’ आता मला पूर्वीइतकं परकं वाटेना.

संध्याकाळी दादाचा फोन आला. मी सांगितलं.

“एक शब्द राहिलाय ना?” तो म्हणाला. “लिहून टाक. तुझं अक्षर तिच्यासारखंच आहे. माझ्या प्रगतिपुस्तकावर आईची सही तूच केली होतीस.”

“आणि पकडले गेले होते.”

“कसं गं पकडलं होतं तिने?”

“म्हणाली, सही बरोबर आहे, फक्त मी इतकी नीट करत नाही.”

दादा हसला, आणि मग रडला. आई गेल्यानंतर त्याला रडताना मी पहिल्यांदा ऐकलं. फोन ठेवला तेव्हा तिचं निळं पेन माझ्या हातात होतं, टोपण काढलेलं. जागाही होती, तीन अक्षरं मावतील एवढी. माझा तर धंदाच हा: गाळलेला शब्द जागेवर बसवायचा. काकपद काढायचं आणि वर शब्द लिहायचा, वीस वर्षं पगार त्याचाच घेतला. पण दुसऱ्याच्या पुस्तकात शब्द घालताना समासात लेखकाला विचारायचं असतं, आणि ही लेखिका उत्तर देणार नव्हती. मी टोपण लावलं.

मग माझ्या कामाचीच सवय म्हणून परदेशी अहवाल वाचायला घेतला. आईचं एक म्हणणं होतं: आकडा सगळे बघतात, आकड्याच्या वर काय लिहिलंय ते कोणी वाचत नाही. त्या भाषेतली प्रुफंही मी कधीकधी वाचते. आकडा दुसऱ्या पानावर जाड अक्षरांत होता. पहिल्या पानावर नमुन्याचं वर्णन: गोठवलेला. आणि पुढे एक शब्द. त्या शब्दाचा अर्थ ‘सबंध’.

आई जुन्या अहवालांच्या प्रती वहीच्या मागच्या कप्प्यात ठेवायची. त्यात याच बंदराचे तीन होते. तिन्हींत त्या जागी ‘सोललेला’ होतं. यंदा गिऱ्हाइकाने पहिल्यांदाच कवचासकट माल मागवला असणार. तिथे कोणीतरी तो जसा आला तसा, सबंध, वाटला असणार.

म्हणजे त्यांना सापडलेलं शेपूट चोराचं नसेलही. कोळंबीचं स्वतःचं असेल. ‘नसेलही’ आणि ‘असेल’. एवढ्याने भागणार नव्हतं. आईच्या पानावर सोलून नव्हतं, त्यांच्या पानावर सबंध होतं, आणि यातला खरा निकाल कुठे असला तर तो एकाच ठिकाणी होता.

प्रयोगशाळेच्या मागे शीतगृह आहे. तिथे एक काका बसतात. आमच्या लहानपणापासून त्यांच्या अंगात तोच गोधडीसारखा कोट मी पाहते आहे. प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग सहा महिने त्यांच्याकडे मोहरबंद राहतो.

“आहे,” काका म्हणाले. “तुझ्या आईच्या हातची मोहर आहे. जसं आलं तसंच, कवचासकट. पण बाळ, साहेबांच्या सहीशिवाय मला ते जागचं हलवता येत नाही. आणि साहेब देणार नाहीत. कालच म्हणाले, जुनी पाकिटं काढून टाकायची यादी करा.”

“नियमावलीचं पान नऊ,” मी म्हटलं. “‘नमुना ज्याच्या तळ्यातला असेल तो लेखी मागणी करील, तर राखीव भागाची फेरतपासणी करणे बंधनकारक राहील.’”

काका बघतच राहिले. “पाठ आहे तुला?”

“प्रुफं मीच वाचली होती. ‘करील’ लिहायचं की ‘करेल’, यावर आई आणि मी अर्धा तास भांडलो होतो.”

“कोण जिंकलं?”

“करील.”

“म्हणजे तीच,” काका म्हणाले, आणि यादीच्या कागदावरून त्यांनी एक क्रमांक खोडला. “दोन दिवस माझी नजर अधू झाली असं समज. पण दोनच.”

तळ्याची मालकीण शहराबाहेर राहत होती. आयताकृती तळी, त्यांत पाणी घुसळणारी चाकं, आणि बांधावर एक पत्र्याची खोली. बाई साठीच्या, पायात गुडघाभर रबरी बूट. मी कोण ते सांगितलं तशा त्या जाळं खाली ठेवून उभ्या राहिल्या.

“सालटीबाईंची लेक? या बांधावर यायची हिंमत बरी झाली तुझी! तुझ्या आईने तीन वर्षांपूर्वी माझं अख्खं तळं नाकारलं होतं, माहीत आहे?”

“नाही.”

“तिला कसलं सांगायचं भान! माझ्या दिवट्या भावाने दुकानदाराचं ऐकून पाण्यात ते औषध घातलं. मला पत्ता नाही. मी तिच्यासमोर जाऊन रडले, ओरडले, शिव्या घातल्या. ती काय म्हणाली? ‘तुमचं खरं असेल. कोळंबी मात्र खोटं बोलत नाही.’ घरी येऊन भावाला उलटा टांगला, तेव्हा कबूल झाला.” त्या थुंकल्या, पाण्याबाहेर, नीट लांब. “त्यानंतर या तळ्यात औषधाचा वाससुद्धा आलेला नाही. आणि आता म्हणतात, त्याच बाईने माझ्या मालातलं औषध पाहिलं नाही! जिने तेव्हा सोडलं नाही, ती आता सोडेल?”

“मावशी, तपासात निघालं तर तुमचं तळं जाईल.”

“आणि तुझ्या आईचं नाव.”

“हो.”

“मग बघू की दोघींचं. आण तो कागद. वाचून दाखव आधी. शिकलेल्या माणसांच्या कागदावर न वाचता सही करायची नाही, हेही तुझ्या आईनेच मला शिकवलं, शिव्या ऐकता ऐकता.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांच्या टेबलावर तीन गोष्टी ठेवल्या. मावशींचा अर्ज, परदेशी अहवालातल्या ‘सबंध’खाली पेन्सिलने ओढलेली रेघ, आणि आईची हिरवी वही, त्या पानावर उघडून.

साहेबांनी वही आधी पाहिली. मागची पानं, पुढची पानं. ते हुशार आहेत, त्यांना लगेच दिसलं. “ताई,” ते सावकाश म्हणाले, “या पानावर सोलून लिहिलेलं नाही.”

“नाही.”

“हे तुम्ही स्वतःहून दाखवताय?”

“तुम्हाला शोधत बसायला नको.”

“म्हणजे ही वही तुमच्या विरुद्धच जाते.”

“जाऊ दे. मला वहीतून काही सिद्ध करायचं नाही. काकांच्या शीतगृहात पाकीट आहे. ते सोला. मांस वेगळं तपासा, कवच वेगळं तपासा. मांसात सापडलं तर तुमच्या दोन्ही कागदांवर मी सही करते. मसुद्यातलं ‘संबंधित व्यक्ती’ काढून तिथे तिचं पूर्ण नावसुद्धा मीच घालीन.”

“आणि नाही सापडलं तर? मी काय त्यांना लिहू, तुम्हाला कोळंबी सोलता येत नाही?”

“तिला येत होती, एवढं लिहिलंत तरी चालेल.”

त्यांनी अर्ज पुन्हा एकदा वाचला. “तुम्ही अगदी बाईंसारख्या बोलता,” ते शेवटी म्हणाले, आणि ती तक्रार होती. “तुम्हाला कळत नाही, ताई. आपण लहान आहोत.”

“आकड्याला लहान-मोठं कळतं का, साहेब? आई तर म्हणायची, अब्जातला एक भाग मोजणाऱ्याने स्वतःला लहान समजू नये.”

त्यांनी अर्जावर सही केली. पान नऊ होतंच, ती करावीच लागली असती. तरी त्यांनी केली हे मी लक्षात ठेवलं आहे.

आईच्या जागी आलेली केमिस्ट माझ्याच वयाची होती. तिने पाकिटाची मोहर सगळ्यांसमोर फोडली. मी काचेच्या अलीकडे उभी होते, शेजारी काका आणि रबरी बुटांतल्या मावशी. केमिस्टने मी खोक्यातून सोबत आणलेली आईची सुरी मागितली, गरम पाण्यातून काढली, आणि एकेका कोळंबीच्या पाठीवरून चिरत कवच सोडवायला लागली. सावकाश. मध्येच थांबून भिंग लावून बघायची, चिमट्याने काहीतरी उचलायची. वीस कोळंब्या सोलायला तिला तासभर लागला. बाहेर आली तेव्हा मान आखडली होती तिची.

“कण राहतो,” ती म्हणाली. “पायाच्या बुडाशी राहतोच. दिसत नाही. एक कण जरी मांसात गेला ना, तरी सापडलं असं दाखवतं. माझे हात धड आहेत तरी मला भीती वाटतेय.”

मी तिला विचारलं, “म्हणजे हात थरथरणाऱ्याकडून...”

“चूक झालीच असती तर उलटी झाली असती,” ती म्हणाली. “नसलेलं सापडलं असतं. असलेलं सुटलं नसतं.”

साहेब मागे उभे होते. हे त्यांनी ऐकलं.

वाटलेला नमुना आम्लात घालून रात्रभर उबेत ठेवावा लागतो, म्हणून निकाल दुसऱ्या दिवशी. त्या चोवीस तासांत मी एका कादंबरीची बत्तीस पानं तपासली. नंतर कळलं की त्यांतली अकरा पुन्हा तपासावी लागणार.

सकाळी यंत्रांच्या खोलीत आम्ही पाच जण दाटीवाटीने उभे राहिलो. ज्या खोलीला आईचं नाव देणार होते तीच ही खोली. पडद्यावर एक रेघ डावीकडून उजवीकडे सरकते. शेपूट असेल तर रेघ एका ठिकाणी वर उठते. आई त्याला टेंगूळ म्हणायची.

“आधी कवच लावते,” केमिस्ट म्हणाली.

रेघ सरकली, सरकली, आणि उठली. चांगलं मोठं टेंगूळ. मावशींनी माझं मनगट पकडलं. “हे कवच ना? कवचच ना?”

“कवच,” काका म्हणाले.

मग मांस. रेघ निघाली. त्या ठिकाणापर्यंत येताना मला तिचा कप आठवत होता, दोन हातांत धरलेला. रेघ त्या ठिकाणी आली आणि तशीच, सपाट, पुढे निघून गेली. केमिस्टने ती अगदी शेवटपर्यंत जाऊ दिली.

मग तिने कुणी न सांगता संगणकातून चार महिन्यांपूर्वीची रेघ काढली, आईची, आणि आजच्या रेघेखाली लावली. दोन्ही सपाट. “कवचासकट वाटलं असतं तर इथे टेंगूळ आलं असतं,” तिने आईच्या रेघेवर बोट ठेवलं. “आलेलं नाही. म्हणजे बाईंनी सोललं होतं. आणि माझ्यापेक्षा साफ. माझी रेघ बघा, इथे जराशी खरखरते. त्यांची नाही.”

वहीत लिहायचं राहिलं होतं. करायचं राहिलं नव्हतं.

“रडतेस काय,” मावशी म्हणाल्या. “हस की! आणि साहेब, आता तुमची ती चिठ्ठी फाडा बघू आमच्यासमोर.”

साहेबांनी मसुदा फाडला नाही. तशी माणसं कागद फाडत नाहीत, त्यावर नवा मसुदा करतात. दुपारी तो त्यांनी माझ्याकडे पाठवला, ‘भाषेच्या दृष्टीने पाहावा’ म्हणून. लिहिलं होतं: ‘दोन प्रयोगशाळांच्या पद्धतींतील संभाव्य भिन्नतेमुळे, बहुधा, निकालांत तफावत आली असावी.’ मी ‘संभाव्य’ काढलं. ‘बहुधा’ काढलं. ‘असावी’चं ‘आहे’ केलं. खाली एक वाक्य वाढवलं: ‘आपल्या अहवालातील नमुना सबंध होता, आमचा सोललेला होता. आमच्या तपासणीत चूक नाही.’ आणि पुढे जिथे अजूनही ‘संबंधित व्यक्ती’ होतं तिथे आईचं नाव, पदासकट.

साहेबांचा फोन आला. “असं सरळ लिहीत नाहीत, ताई.”

“मग कसं लिहितात?”

“थोडी जागा ठेवून लिहितात.”

“तुम्ही ठेवलेल्या जागेत माझी आई मावत होती, साहेब.”

त्या बाजूला कागद उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, “बरं. दोन्ही आलेख जोडतो.” आणि थोड्या वेळाने, “खोलीच्या नावाचं काय करायचं?”

“नाव नको. तुमच्या फॉर्मवर एक रकाना वाढवा. सोलून, की न सोलता.”

“त्याला वरून मंजुरी लागते.”

“खोलीला नाव द्यायला?”

“ती... नाही लागत,” साहेब म्हणाले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मनापासून हसले. रकाना अजून आलेला नाही. मी दर सोमवारी विचारते.

परदेशातून उत्तर यायला एकोणीस दिवस लागले. तीन ओळींचं होतं. चुकलो असं त्यात नव्हतं, आभार नव्हते. राखीव नमुन्याची फेरतपासणी केली, माल सोडण्यात येत आहे. पण वर्णनाच्या ओळीत ‘गोठवलेला’च्या पुढे या वेळी ‘सोललेला’ हा शब्द होता, आणि तो मी दोनदा वाचला. मावशींना फोनवर वाचून दाखवला. “काय म्हणतात त्यांच्या भाषेत?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी तो बांधावर उभं राहून मोठ्याने म्हणून पाहिला, चुकीचा, दोन-तीनदा.

दादाला प्रत पाठवली. त्याचा लगेच फोन.

“आता तरी वहीत लिहून टाक तो शब्द. आता तर सिद्ध झालंय.”

“नाही.”

“का? आता खोटं कुठे आहे?”

वही माझ्यासमोर उघडीच होती. तारीख, क्रमांक, आणि मग तीन अक्षरांची मोकळी जागा. त्या दिवशी ती सुरी धरून बसली असणार, एका हाताने दुसरा दाबून, भिंगातून बघत, आणि सगळं झाल्यावर पेन उचलायचं त्राण उरलं नसणार. निकाल तेवढा लिहिला.

“माझं अक्षर फार नीट येतं,” मी म्हटलं, आणि वही मिटली.